फटफटीचे गळके पाय

फटफटी घरात आली तेव्हा मामंजी ओट्यावरूनच म्हणाले, "हे लष्करातलं भूत हाय. आलंय खरं, पर सुखानं नांदायचं न्हाई." मामंजी म्हणजे माझे सासरे. केजच्या बाजारात त्यांचं किराण्याचं दुकान होतं, आणि गावाबाहेर थोडी शेती. निजामाचं राज्य होतं. मोठी लढाई संपली होती, आणि सरहद्दीपलीकडे सोलापुरात इंग्रजांच्या लष्कराचं उरलंसुरलं सामान हर्राजात, म्हणजे लिलावात, विकायला निघालं होतं. आमचे हे हळद-सुपारी आणायला म्हणून गेले आणि फटफटीवर बसून परत आले. हळद नाही, सुपारी नाही. करोडगिरीच्या, म्हणजे जकातीच्या, नाक्यावर जमादारानं त्यांना अडवलं, फटफटीभोवती दोन फेऱ्या मारल्या आणि विचारलं, "ये खाती क्या है?" हे म्हणाले, "तेल." जमादार पोट धरून हसला म्हणे. ती किती तेल खाणार आहे, हे तेव्हा ह्यांनाही मालूम नव्हतं.

मी त्या घरात सून म्हणून आले त्याला फार दिवस झाले नव्हते. तोंडानं फटकळ म्हणून माहेरीच माझं नाव झालं होतं. सासरी निघताना आईनं बजावलं होतं, "तिथं जिभेला कुलूप लाव बाई." लावलं होतं कुलूप. पण किल्ली माझ्याच कमरेला होती.

ह्या फटफटीच्या पुढच्या चाकाला दोन्ही बाजूंनी दोन पाय होते. हे त्यांना पायच म्हणायचे. वरची बारीक चकचकीत नळी खालच्या जाड नळीत सरकायची. आत स्प्रिंग आणि तेल. खड्डा आला की पाय दबायचे, आणि ते तेल चाकाला सावरून घ्यायचं. जाड नळीच्या तोंडाशी चामड्याचं एक कडं असायचं, त्याला 'वायसर' म्हणत. वायसर घट्ट तर तेल आत. वायसरनं दगा दिला की तेल ओघळत ओघळत खाली चाकाच्या ब्रेकात, आणि ब्रेक एकदा का तेलानं माखला की तो लागायचाच नाही. मागचा ब्रेक होता, पण उतारावर एकट्याच्यानं भागत नव्हतं.

दसऱ्यापर्यंत सगळं ठीक होतं. खंडेनवमीला आमच्याकडे तराजू, कोयते, नांगराचा फाळ असं सगळं पूजेला मांडतात, त्यात त्या वर्षी फटफटीही मांडली. आत्याबाईंनी, म्हणजे सासूबाईंनी, तिच्या दिव्यावर विभूतीचे तीन पट्टे ओढले, हार घातला. आत्याबाईंना स्वच्छतेचा भारी सोस. त्यांच्या हातातून ताट-तांब्या निघाला की तोंड बघून घ्यावं. मागे त्यांनी दुकानातली पितळी वजनंही घासायला घेतली होती. मामंजी धावतच आले. "अगं, घासून घासून शेराचं पावणेशेर करशील, आन् गावात मला चोर म्हणतील!" तेव्हापासून वजनं कुलपात असायची.

दसरा झाला आणि फटफटीचे पाय गळायला लागले. आधी थेंब थेंब, मग ओघळ. हे रोज चिंधीनं पुसायचे आणि म्हणायचे, "होईल ठीक." होतंय कसलं! एके दिवशी वेशीच्या उतारावर ह्यांनी ब्रेक दाबला आणि फटफटी थांबेचना. खाली कडब्याची गंजी होती म्हणून बरं. हे गंजीत, फटफटी ह्यांच्या अंगावर, आणि वर अर्धी गंजी दोघांच्याही अंगावर. लोकांनी बाहेर ओढून काढलं तेव्हा कानात कडबा आणि तोंडानं तेच, "काय न्हाई, काय न्हाई."

मामंजींनी त्या दिवशी हुकूम सोडला, "जवर ह्याच्या पायातनं तेल गळतंय तवर सून ह्याच्यावर बसायची न्हाई. तुझं तू कुठं बी जाऊन पड."

मला काय त्याचं? मला कुठं जायचं होतं? पण त्याच आठवड्यात माझ्या माहेरचा, उमापूरचा निरोप आला. आमच्या शेजारचे काका लेकीसाठी स्थळ बघायला युसूफ वडगावला आलते, ते वाट वाकडी करून केजला आले. पाणी प्यायले, इकडचं तिकडचं बोलले आणि मग माझ्याकडं न बघता म्हणाले, "आई विहिरीवर पाय घसरून पडली. कमरेला मार हाय, त्यात ताप भरलाय. अन्न जात न्हाई. तुझंच नाव घेती. जमलं तर ये, बाई." उंबऱ्याबाहेर पडल्यावर परत वळले आणि म्हणाले, "उशीर नको करू."

माझ्या हातातला तांब्या तसाच राहिला. आईला माझ्याशिवाय कोण होतं? वडील जाऊन वर्षं झालती, भाऊ लहान, आणि भावकी म्हणजे नावाचीच. आई मला एकदा बघायचं म्हणत होती, आणि मी इकडं केजला भाकरी थापत होते.

जावं तर कसं? केजहून उमापूर म्हणजे सगळा जिल्हा ओलांडून जायचं. बैलं ज्वारीच्या पेरणीला जुंपलेली. आणि ती सोडली तरी गाडीनं पोचायला दिवसांमागून दिवस. बीडकडं जाणारी सर्विसची मोटार पलीकडच्या नाल्यात रस्ता वाहून गेल्यापासून बंद. फटफटी मात्र हातानं ढकलत नाल्यातून नेता आली असती. म्हणजे होती ती एक फटफटीच, आणि तिचे पाय गळत होते.

मी दाराआड उभी होते. बाहेर हे मामंजींना म्हणाले, "दादा, एवढ्या बारीला जाऊ द्या."

मामंजींचा आवाज चढला नाही, उलट खाली आला. "मी आडवतोय व्हय रं? तिची आई मला परकी हाय का? पर मधी घाट हाय, नदी हाय. ब्रेक न लागणाऱ्या गाडीवर मी दुसऱ्याची लेक बसवू? काय झालं तर त्या माउलीला कोणत्या तोंडानं सांगू? तेल थांबव, आन् खुशाल घेऊन जा. मी सोता हळद-कुंकू लावून धाडतो."

खरं सांगते, मला राग आला होता. पण त्यांचं चुकलं असं मला तेव्हाही म्हणता आलं नाही.

मग परसात फटफटीचं ऑपरेशन सुरू झालं. इंजिनाखाली आमचं लाकडी उखळ पालथं घातलं, त्यामुळं पुढचं चाक अधांतरी राहिलं. ह्यांनी चाक काढलं, खालचा स्क्रू फिरवून उरलंसुरलं तेल वाडग्यात घेतलं, मग जाड नळीच्या तोंडाची टोपी दोरी गुंडाळून पिळून काढली. आतून वायसर निघालं ते पार झिजलेलं, जुन्या वहाणेच्या अंगठ्यासारखं. नवीन वायसर केजला कुठलं? बीडलाही नव्हतं. सोलापूरला पुन्हा जाऊन यायला वेळ नव्हता. ह्यांनी मळ्यातल्या जुन्या मोटेचं चांगलं जाड चामडं कापून आणलं. आत्याबाईंच्या कुंकवाच्या करंड्याचं झाकण त्यावर ठेवून गोल आखला आणि धारदार चाकूनं कडी कापली.

सोलापुरात ज्यानं फटफटी चालू करून दिली त्या मिस्त्रीनं सांगितलं होतं की चामडं चरबीत मुरवायचं, म्हणजे ते मऊ राहतं. हे ऐकलं मात्र, आत्याबाई ताडकन उठल्या. "चरबी? माझ्या घरात? माझ्या गळ्यात लिंग हाय रं, मुडद्या!" लिंगायताच्या घरात चरबीचं नाव काढलं म्हणून ह्यांना त्या दिवशी आंघोळ करावी लागली. शेवटी एरंडेल तापवलं आणि कडी त्यात मुरवली. घरभर तो वास. पण चामडं काय सुरेख मऊ झालं! दोन्ही पायांत कडी बसली, नवीन तेल भरलं, ब्रेकाचे पट्टे पेट्रोलनं धुऊन उन्हात वाळवले. ह्यांनी दोन्ही पायांच्या तोंडाशी धोतराची पांढरी चिंधी बांधली आणि फटफटीवर बसून तिला खालीवर, खालीवर दाबलं. चिंधी कोरडी. संध्याकाळीही कोरडी. मी तव्यावरची भाकर करपवली, एवढं माझं ध्यान परसात होतं. मनातल्या मनात मी उमापुरात पोचलेही होते.

सकाळी हे खात्रीसाठी गावाबाहेर एक फेरी मारून आले. चिंधी पिळली तर तेल.

"चामडंच बाद हाय," हे म्हणाले. दुसरीकडचं चामडं कापलं. परत उखळ, परत एरंडेल, परत ती सगळी कसरत. संध्याकाळी कोरडं ठणठणीत. सकाळी फेरी मारली की ओघळ. ह्यांचं डोकं चालेना. कधी म्हणायचे चामडं पातळ, कधी म्हणायचे तेल पातळ, कधी म्हणायचे उन्हानं होतंय. तेलाचा डबाही तळाला गेला. मामंजी येता-जाता तिरक्या नजरेनं बघायचे आणि काही न बोलता दुकानात जायचे. ते बोलले असते तर परवडलं असतं.

माझी किल्ली फिरलीच मग. "काय हो," मी म्हणाले, "गावातल्या बत्त्या दुरुस्त करता, कचेरीतलं घड्याळ दुरुस्त करता, आणि ह्या दोन नळ्या कोरड्या होईनात तुमच्यानं?"

"तू चूप बस."

"माझी आई धडधाकट असती तर बसले असते चूप!"

ह्यांनी वाडगा माझ्याकडं सरकवला आणि म्हणाले, "मग बस हितं. धू हे."

मी बसले. म्हटलं, रडत बसण्यापेक्षा हे बरं. ह्यांनी कडी काढून दिली आणि मी ती जर्मनच्या, म्हणजे ॲल्युमिनियमच्या, परातीत रॉकेल घेऊन धुवायला लागले. चोळली, पिळली, बाजूला ठेवली. रॉकेल निवळलं तसं परातीच्या तळाशी काहीतरी बसलं. मी परात कलती केली. लाल गाळ.

"अहो, हे लाल काय?"

"माती असंल रस्त्याची."

मी गाळ बोटावर घेतला. आमच्या भागात रस्ता म्हणा, रान म्हणा, सगळी माती काळी. पाय काळे, बैलांचे खूर काळे, पावसात वाहतं पाणीसुद्धा काळं. लाल माती ह्या मुलखात येणार कुठून? मी दोन बोटांत तो गाळ चोळला आणि माझ्या बोटांनी तो लगेच ओळखला. लग्न झाल्यापासून रोज हाताखालून जात होता तो. भांडी घासायची विटकरीची पूड.

मी उठून कोनाड्यातली पुडीची करवंटी आणली, चिमूटभर रॉकेलात टाकली. तोच रंग, तोच खरखरीतपणा.

ह्यांनी दोन्ही गाळ शेजारी शेजारी धरून बघितले. मग चकचकीत नळीवरून त्यांनी बोट फिरवलं. तिच्यावर बारीक बारीक रेघा होत्या, गोल गोल, तांब्यावर असतात तशा. नख अडकत नव्हतं, म्हणजे रेघा वरवरच्या होत्या. पण पूड चामड्यात रुतून बसली होती, आणि पाय वर-खाली झाला की तीच चामडं कुरतडत होती. आत्याबाई पूजेची भांडी पहाटे स्वतः घासायच्या. मी त्या वेळी आडावर पाण्याला गेलेली असायची. खंडेनवमीला त्यांनी फटफटीही घासली असणार, चिंच आणि विटकर लावून. आणि नंतर प्रत्येक दुरुस्तीनंतरही.

"आता?" मी म्हणाले.

"आता काय?"

"आत्याबाईंना सांगायला नको?"

ह्यांचा चेहरा असा झाला, जणू मी त्यांना तहसीलदाराच्या मिशा ओढून ये म्हणाले. "आईला? मी सांगू? तुझ्या हातानं बिघडली म्हणून? न्हाई बा. तिला लई लागंल. आपण फटफटी कुलपात ठेवू."

"व्वा! मामंजींनी वजनं कुलपात घातली, तुम्ही फटफटी घाला. उद्या मला घाला. म्हणजे त्यांना घासायला फक्त भिंती उरतील."

हे हसले. मला हसू येत नव्हतं. खरं सांगायचं तर माझ्या मनात एक वेडंवाकडं येऊन गेलंच. शेजारच्या बाईनं आडावर म्हटलंही होतं, "सासूच्या मनात न्हाई बघ, सुनेनं माहेरी जावं." मी तिला झटकून टाकलं होतं. पण झटकलेलं बोलणं कुसळासारखं कुठंतरी चिकटून राहतंच.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी घागरी न उचलता परसदारात जाऊन उभी राहिले. आदल्या दिवशी संध्याकाळी ह्यांनी पाय पुन्हा जोडून ठेवले होते, अगदी शेवटचं तेल घालून. आत्याबाई फटफटीपुढं उकिडव्या बसलेल्या. बाजूला चिंचेचा गोळा, करवंटीत पूड. हात नळीवर टेकणार, एवढ्यात मी ओरडले, "आत्याबाई, हात थांबवा!"

अहो, सून सासूवर ओरडली! पुढच्या दारी मामंजींच्या गुळण्या चालल्या होत्या, त्या बंद पडल्या. हे गोठ्यातून डोकावले आणि परत आत गेले. असला आधार!

"कावून ग? काय झालं?" आत्याबाईंचा हात हवेतच राहिला.

मी एका दमात सगळं सांगून टाकलं. विटकर, चामडं, लाल गाळ, ब्रेक. शेवटी माझा आवाज फाटला. "आत्याबाई, माझी आई तिकडं अन्न घेईना. मला जाऊ द्यायचं नसलं तर तोंडानं सांगा, पण हे नका करू."

आत्याबाईंच्या हातातून चिंचेचा गोळा खाली पडला. हळूच म्हणाल्या, "अगं, तुझ्या माहेरी जायाची हाय ना ही गाडी? गावची माणसं जमतील बघायला. सासरच्यांनी कशी मळकट गाडी धाडली, असं म्हणतील. तुझ्या आईला खाली बघाया लागंल. म्हणून तुमी दुरुस्त केली की मी लख्ख करीत व्हते. मला यंत्रातलं काय कळतंय, बाई? माझ्या हातात दुसरं व्हतं तरी काय?"

माझा राग गेला तो गेलाच. इतकं रडू आलं की मी तिथंच त्यांच्या शेजारी मातीत बसले. त्यांनी माझ्या पाठीवर हात ठेवला, चिंचेचा ओला हात.

"दाव मला," त्या म्हणाल्या.

मी गाळ राहिलेली परात आणली. त्यांनी तो गाळ चिमटीत घेतला, चोळला, डोळ्यांजवळ नेला. "माझीच हाय," त्या म्हणाल्या. आणि मग, तुम्हाला खोटं वाटेल, पण त्या अवस्थेतही म्हणाल्या, "जुन्या भट्टीची वीट हाय ही. एवढी बारीक पूड गावात दुसऱ्या कुणाची न्हाई." रडता रडता मला हसू फुटलं. मग त्याही हसल्या, आणि पदरानं दोघींचे डोळे पुसले, आधी माझे.

माफी-बिफी काही मागितली नाही त्यांनी. सासवा कुठं मागतात? कमरेला पदर खोचला आणि लेकाला हाक मारली, "ये बाहेर, गोठ्यात काय लपलास? खोल ते परत, आत कुठं पूड ऱ्हायली असंल. आज मी बसते धुवाया."

त्या दिवशी फटफटीचा एकेक भाग आत्याबाईंनी धुतला. घासला नाही, धुतला. रॉकेल, मग मऊ फडकं, मग पुन्हा रॉकेल, परातीत लाल रंगाचा मागमूस राहीना तोवर. चामड्याची नवी कडी त्यांच्या देखरेखीखाली एरंडेलात मुरली, ब्रेकाचे पट्टे परत पेट्रोलनं धुऊन वाळवले. काढलेलं तेल जाड मांजरपाटातून गाळून परत भरलं, कमी पडलं तेवढं इंजिनाच्या तेलाच्या डब्यातलं घातलं. मग त्यांनी त्याच मांजरपाटाचे दोन तुकडे बेतले, नळ्यांवर चढतील अशा पिशव्या शिवल्या, वर-खाली नाड्या घातल्या, आणि ह्यांच्याकडून फटफटीच्या दोन्ही पायांना बांधून घेतल्या.

"हे काय?" हे म्हणाले.

"लेंगा," आत्याबाई म्हणाल्या. "रस्त्याची धूळ बी जायची न्हाई, आन् माझा हात बी पोचायचा न्हाई. माझा माझ्या हातावर इस्वास न्हाई रं."

मामंजी दुकानातून आले. लेंगा घातलेल्या फटफटीकडं बघून म्हणाले, "कापड बांधल्यानं ब्रेक लागतो का?"

"लागतो का न्हाई ते बघा की."

"बघायचं कसं? सुनेला बसवून? मी न्हाई म्हणलं ना एकदा."

"सुनेला न्हाई," आत्याबाई म्हणाल्या. "मला बसवा."

"तुला येड लागलंय?"

"दुसऱ्याची लेक बसवायची न्हाई म्हणता ना? मग सोताची बायको बसवा. माझ्या हातानं बिघडली हाय, मीच बसणार."

हे म्हणाले, "आई, अगं…" तोवर आत्याबाईंनी मागच्या लोखंडी बैठकीवर घोंगडीची घडी टाकलीही होती. नऊवारीचा काष्टा घट्ट खोचला, दोन्हीकडं पाय टाकून बसल्या आणि लेकाच्या सदऱ्याला असं गच्च धरलं की त्याचा गळा आवळला.

फटफटी बाजारातून निघाली. मी आणि मामंजी मागून जवळजवळ पळतच. मी मामंजींच्या बरोबरीनं रस्त्यानं पळतेय, डोक्यावरचा पदर खांद्यावर आलाय, ह्याचं भान दोघांनाही नव्हतं. दुकानादुकानांतून माणसं बाहेर आली. कुणीतरी ओरडलं, "ओ काकू, कुठं निघाल्या?"

"तुझ्या लग्नाला!" फटफटीवरून उत्तर आलं.

वेशीचा तो उतार आला. खाली तीच कडब्याची गंजी, पुन्हा रचलेली. फटफटी सुटली. आत्याबाईंनी लेकाच्या पाठीत तोंड खुपसलेलं मला लांबूनही दिसलं. मामंजी पुटपुटत होते, "शिव शिव शिव शिव." ह्यांनी ब्रेक दाबला. पुढचे पाय लेंग्यासकट खाली दबले, वर आले, आणि फटफटी उताराच्या मध्यावरच, गंजीच्या किती तरी अलीकडं, गपकन थांबली.

आम्ही धावत जवळ पोचलो. आत्याबाईंनी एक डोळा उघडला, मग दुसरा. इकडंतिकडं बघितलं. म्हणाल्या, "थांबली का? मला कळलंच न्हाई. परत एकदा घे रं."

परत एकदा घेतली. परत थांबली. मग त्या उतरल्या, चाकापाशी बसल्या, लेंगा वर सारून नळीच्या तोंडाशी बोट फिरवलं, ब्रेकाच्या कडेनं फिरवलं, आणि ते बोट थेट मामंजींच्या नाकासमोर धरलं. कोरडं.

मामंजींनी त्या बोटाकडं बघितलं, बायकोकडं बघितलं. "सकाळी लवकर निघा," ते म्हणाले, आणि कुणाकडं न बघता घराकडं चालायला लागले. थोडं पुढं जाऊन थांबले आणि म्हणाले, "आन् शिदोरी जास्त द्या. वाटंत उपाशी राहू नका."

मला त्या क्षणी असं हलकं वाटलं, जणू डोक्यावरची भरली घागर कुणी अलगद उतरून घेतली.

सकाळी आम्ही निघालो. मामंजींनी शब्द पाळला, हळद-कुंकू स्वतः आणून आत्याबाईंच्या हातात दिलं. नाल्यात फटफटी ढकलत नेली, पलीकडं परत चालू केली. घाटात, बीडच्या वेशीपाशी, सिंदफणा नदीच्या पाण्यातून बाहेर पडल्यावर, जिथं जिथं थांबलो तिथं मी आधी उतरून लेंग्याखाली बोट घालत होते. कोरडं. प्रत्येक वेळी कोरडं. हे म्हणाले, "बोट झिजंल आता." मी म्हणाले, "झिजू द्या."

पण उमापूर जवळ आलं तशी फटफटीची काळजी संपली आणि दुसरीच सुरू झाली. काका निरोप देऊन गेले त्याला किती दिवस झालते. मधल्या दिवसांत काय झालं असेल, कुणी सांगावं? ऊन कलतं झालं होतं. ह्यांनी फटफटी थोडी दामटली.

वळणावर गाव दिसलं, आणि मी आधी आमच्या घराचं धाबं, म्हणजे मातीचं छप्पर, शोधलं. त्यावरून धूर निघत होता. सरळ, निळसर, चुलीचा धूर. घरात माणूस गेलं की चूल पेटत नाही. आमची चूल पेटली होती! "आहे हो, आई आहे!" मी ओरडले, आणि ह्यांच्या पाठीला डोकं टेकवून ढसाढसा रडले. ह्यांना आधी कळेचना, मग तेही धुराकडं बघत राहिले, आणि तेवढ्यात फटफटी एका बोरीच्या झुडपात जाता जाता वाचली.

आई बाजेवर पडली होती. वाळून कोळ झालेली. गालाची हाडं वर आलेली, पण डोळे उघडे. मी जवळ बसले तर तिनं आधी माझा चेहरा चाचपला, मग हात, मग बांगड्या. खरी आहे का बघत असावी. बाहेर सगळं गाव फटफटीभोवती जमलं होतं, आणि हे दारात धूळ झटकत उभे होते.

"कुणी आणलं ग तुला?" आईनं विचारलं.

मी म्हणाले, "आत्याबाईंनी."

आईनं मान उचलायचा प्रयत्न केला, दाराकडं बघितलं आणि कासावीस होऊन म्हणाली, "अगं मग बाहेर कावून उभं केलं त्यांना? आत बोलव की. बसाया घोंगडी टाक."

मग मी तिला सगळं पहिल्यापासून सांगायला लागले. ती ऐकत राहिली, मध्ये मध्ये हसत राहिली, आणि ऐकता ऐकता माझ्या हातून वाटीभर पेज प्यायली.